सहा गुंजा कमी

सोळा वर्षं मी अनोळखी माणसांना पैसे मागणारी पत्रं लिहिली. पगार त्याचाच मिळत असे. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी विचारलं, मुलगी काय करते, तेव्हा वडिलांनी सांगितलं, जळगावला नाण्यांच्या दुकानात टायपिस्ट आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. टायपिंग दिवसातून तासभर चाले. बाकीचा वेळ भांडणात जायचा, आणि भांडणं सगळी पोस्टाने चालायची.

दुकान नानांचं. सराफ बाजारात त्यांच्या भावाची पेढी होती आणि तिच्या माडीवर नानांच्या दोन खोल्या. खेड्यापाड्यांतून बाया-माणसं जुने चांदीचे रुपये मोडायला पेढीवर आणत. ते आटवायला जाण्याआधी नाना एकदा चाळत. एखादं नाणं वेगळं दिसलं की चांदीचा भाव देऊन स्वतःकडे ठेवत. असं करता करता त्यांच्याकडे इतकी नाणी साठली की त्यांनी ती विकायला काढली. जळगावात घेणारे किती, पाच-सात. म्हणून त्यांनी नाण्यांची यादी छापून गावोगावच्या हौशी लोकांना पाठवायला सुरुवात केली.

माझे वडील भुसावळच्या रेल्वे यार्डात कामाला होते. आमच्या वस्तीत विहाराशेजारी एक टायपिंगचा क्लास होता, तिथे मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकले. कोणीतरी नानांना माझं नाव सांगितलं. मी गेले, एक अर्ज टाइप करून दाखवला. नानांनी तो वाचला आणि विचारलं, "विमल, तुला राग आल्यावर चांगलं लिहिता येतं की राग नसताना?" मी म्हटलं, मला लवकर राग येत नाही. ते म्हणाले, मग उद्यापासून ये.

हा धंदा बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवा. वर्षातून चार वेळा यादी निघे. प्रत्येक नाण्याला क्रमांक, वजन-खुणांसह थोडं वर्णन आणि किंमत. गिऱ्हाईक पत्राने क्रमांक कळवायचं. नवीन गिऱ्हाईक असेल तर आम्ही नाणं व्ही.पी.ने पाठवायचो. म्हणजे पोस्टमन पाकीट घेऊन दारात जाणार, पैसे घेणार आणि मगच पाकीट देणार. जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाइकाला नाणं 'पसंतीवर' जाई. थोडे पैसे त्याने आगाऊ मनीऑर्डरने पाठवायचे, नाणं दहा दिवस जवळ ठेवून बघायचं, पटलं तर उरलेले पैसे पाठवायचे, नाही पटलं तर नाणं परत करायचं. परत आलं की आम्ही आगाऊ रक्कम परत करायची. एवढाच नियम, पण त्या दहा दिवसांत माणसाला काय काय सुचतं हे मी सोळा वर्षं वाचलं.

नाणं पोचलंच नाही म्हणणारे असत, त्यांची सही पोस्टाकडून मागवावी लागे. नाणं पोचलं पण बायकोने देवात ठेवलं, आता काढता येत नाही, असं लिहिणारे एक गृहस्थ होते. बोदवडला एक निवृत्त कारकून होते, ते प्रत्येक यादीतलं एक नाणं मागवायचे आणि प्रत्येक व्ही.पी. 'घेण्यास नकार' असा शेरा होऊन परत यायची. टपालखर्च आमच्या अंगावर. तीन वर्षांनी मी त्यांना जरा कडक लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की पेन्शन तुटपुंजी आहे, नाणं घेणं जमत नाही, पण पोस्टमन नाव घेऊन हाक मारतो, पाकीट हातात देतो, ते मी उलटसुलट करून बघतो, तेवढं बरं वाटतं. मी ते पत्र नानांना दाखवलं. नाना म्हणाले, त्यांना यादी पाठवत जा, नाणं पाठवू नको. मी तसंच केलं. त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.

वसुलीच्या पत्रांची आमची तीन पायऱ्यांची रीत होती. पहिलं पत्र गोड. दुसरं कोरडं. तिसरं पत्र गिऱ्हाइकाला जातच नसे, ते त्याच्या साहेबाला जाई. माणूस नोकरीत असेल तर त्याच्या कचेरीला, शाळेत असेल तर हेडमास्तरांना. त्यात पैशाचा उल्लेख अगदी शेवटी आणि अगदी थोडा. आधी माणसाच्या सचोटीबद्दल काळजी व्यक्त करायची. हे तिसरं पत्र मी बसवलं होतं. नानांच्या आधीच्या पत्रांना कोणी दाद देत नसे, माझ्या तिसऱ्या पत्रानंतर आठ दिवसांत मनीऑर्डर येई. नाना बाजारातल्या लोकांना सांगत, आमच्या विमलचं पत्र म्हणजे वॉरंट आहे. मला ते ऐकून बरं वाटायचं. हे लिहिताना त्याची लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटायचं हे खरं आहे.

आता सुकदेव भाऊंबद्दल.

ते धुळ्याच्या बाजूला एका बाजाराच्या गावी मापाडी होते. मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल येतो, व्यापारी लिलावात भाव लावतो, आणि मग तो माल काट्यावर तोलून किती भरला हे जाहीरपणे सांगणारा जो परवान्याचा माणूस असतो, तो मापाडी. शेतकऱ्याचा त्याच्यावर भरवसा हवा आणि व्यापाऱ्याचाही. सुकदेव भाऊ सात-आठ वर्षं आमचे गिऱ्हाईक होते. घ्यायचे तांब्याची, किरकोळ नाणी, पाच-दहा रुपयांची. मनीऑर्डरच्या कुपनावर बारीक, सुबक अक्षरात दोन ओळी असायच्या. नाणं मिळालं की त्याचं वजन कळवायचे. कोणी मागितलेलं नसताना. 'नाणे मिळाले, वजन अमुक भरले, यादीप्रमाणे बरोबर, समाधान.' मी आणि नाना त्यावर हसायचो.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका यादीत नानांनी एका जुन्या संस्थानाचा चांदीचा रुपया लावला. तो रुपया फार थोडा काळ पाडला गेला होता. किंमत साडेचारशे, म्हणजे माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त. त्याच यादीत, खालच्या क्रमांकाला, त्याच रुपयाची नक्कल होती. कोणीतरी ओतकाम करून बनवलेली, दिसायला हुबेहूब. 'नक्कल, अभ्यासासाठी, पंधरा रुपये' असं नानांनी स्पष्ट छापलं होतं. या बाबतीत नाना सरळ होते, खोट्याला खरं म्हणून त्यांनी कधी विकलं नाही.

सुकदेव भाऊंनी खरा रुपया मागवला. दोनशे रुपये आगाऊ पाठवले. कुपनावर लिहिलं होतं की दोन वर्षांपासून बाजूला काढत होतो. मी नाणं रजिस्टरमध्ये चढवलं. प्रत्येक मोलाच्या नाण्याचं वजन आणि खुणा रजिस्टरमध्ये लिहायची पद्धत होती. या रुपयाला कडेशी एक बारीक खाच होती, तीही लिहिली. पाकिटावर क्रमांक टाकला. दुसऱ्या दिवशी ते पाकीट कापडात शिवून, लाखेची मोहोर लावून, विमा करून पोस्टात दिलं.

नवव्या दिवशी पत्र आलं. नेहमीचंच अक्षर. 'नाणे सहा गुंजा कमी भरते. आमच्या गावच्या सराफाकडे दोनदा पाहिले. कडेला खाच नाही. हे नाणे ते नव्हे. परत पाठवत आहे. आगाऊ रक्कम परत करावी.' आणि मागोमाग विम्याच्या पाकिटातून नाणं आलं. नानांनी ते भिंगाखाली धरलं आणि बाजूला ठेवलं. नक्कल होती.

या धंद्यात हा प्रकार नवा नव्हता. खरं नाणं ठेवून घ्यायचं आणि तसंच दिसणारं खोटं परत करायचं. आमच्याशी हे दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा शिकलेल्या माणसांनी केलं होतं. रजिस्टर माझ्या हातचं होतं, वजन माझ्या हातचं होतं, मोहोर माझ्या हातची होती. मी नानांना म्हटलं, नाना, मी स्वतः तोललंय. नाना म्हणाले, मग झालं तर.

पहिलं पत्र गेलं. त्याला सुकदेव भाऊंचं लांब उत्तर आलं. त्यातला एक भाग असा होता: 'तुमच्या यादीत ह्याच रुपयाची नक्कल आहे. ती विकली नसल्यास कृपा करून तिचे पाकीट उघडावे व नाणे तोलून पाहावे. अदलाबदल झाली असेल. माणसाच्या हातून होते.'

त्या ओळींखाली मी लाल शाईने रेघ ओढली. मला वाटलं, काय हुशारी आहे. यादीत नक्कल आहे हे बघून यानेच दुसरीकडून नक्कल मिळवली असेल आणि आता आमच्याच गळ्यात घालतोय. मी पत्र नानांपुढे ठेवलं तेव्हा रेघेसकट ठेवलं. नकलेचं पाकीट माझ्या खुर्चीपासून चार हातांवर, लाकडी कपाटाच्या दुसऱ्या खणात होतं. ते उघडायला एक मिनिट लागलं असतं. नाना एकदा म्हणालेही, बघायचं का? मी म्हटलं, बघितलं तर आपल्यालाच आपला भरवसा नाही असं होईल. हे वाक्य माझं आहे. नानांचं नाही.

दुसरं पत्र गेलं. त्याला उत्तर एका ओळीचं आलं, 'पाकीट उघडून पाहावे.' मग मी तिसरं पत्र लिहिलं, त्यांच्या बाजार समितीच्या सचिवांना. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'आपल्या परवान्यावर काम करणाऱ्या या इसमाच्या वजनाच्या व्यवहारातील सचोटीबाबत आपण आपल्या स्तरावर खात्री करून घ्यावी, ही नम्र विनंती.' ते लिहून झाल्यावर मी दोनदा वाचलं होतं. चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

आठ दिवसांत मनीऑर्डर आली नाही. महिन्यातही आली नाही. सुकदेव भाऊंचं पत्रही आलं नाही. नानांनी आगाऊ घेतलेले दोनशे नुकसानीत धरले आणि विषय संपवला. मी त्यांचं नाव यादीच्या पत्त्यांतून काढून टाकलं.

त्यानंतर वर्ष गेलं असेल. मधल्या काळात नक्कल कोणी मागवली नव्हती. मग यावलकडच्या एका शाळेतून मागणी आली. तिथे महाजन नावाचे चित्रकलेचे शिक्षक होते, त्यांना शाळेच्या फलकावर जुनी नाणी मांडायची होती. खऱ्याची ऐपत नव्हती म्हणून नक्कल हवी होती. मी कपाटातलं पाकीट काढलं, न उघडता दुसऱ्या पाकिटात घातलं आणि साध्या टपालाने पाठवून दिलं. पंधरा रुपयांच्या वस्तूला कोण विमा करतं.

तीन आठवड्यांनी महाजन सर स्वतः दुकानात आले. उन्हातून आले होते, यावलहून बस बदलून. सदऱ्याच्या वरच्या खिशातून त्यांनी रुमाल काढला आणि रुमालातून तो रुपया. मला वाटलं तक्रार आहे, मी वही पुढे ओढली. तक्रारच होती, पण उलट्या बाजूची. फलकावर टांगता यावा म्हणून ते रुपयाला कडी लावून घ्यायला सराफाकडे गेले होते. सराफाने डाग द्यायच्या आधी नाणं घासून पाहिलं, तोललं आणि कडी लावायला नकार दिला. म्हणाला, मास्तर, हे खरं आहे, याला आच लावू नका.

"पंधरा रुपयांत हे माझ्याकडे राहणं बरोबर नाही," महाजन सर म्हणाले. "तुमच्याकडून चुकून आलं असणार. ज्याचं असेल त्याला देऊन टाका."

ज्याचं असेल त्याला. मी नाणं उचललं. कडेला खाच होती. रजिस्टर उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं, तोललं. गुंजभराचाही फरक नव्हता.

मग आठवलं. पाकीट पोस्टात देण्याच्या दिवशी सकाळी नानांचे एक वकील मित्र आले होते. खरं आणि खोटं कसं ओळखायचं हे दाखवायला नानांनी दोन्ही रुपये टेबलावर शेजारी मांडले होते. मी चहा सांगायला खाली गेले होते. वर आले तेव्हा वकील निघाले होते आणि दोन्ही नाणी पाकिटांत गेलेली होती. मी फक्त पाकिटावरचा क्रमांक पाहिला आणि शिवायला घेतलं.

महाजन सरांचे पंधरा रुपये आणि बसभाडं नानांनी परत केलं. बसभाडं ते घेत नव्हते, घ्यायला लावलं.  ते गेल्यावर नानांनी आवाज खाली करून म्हटलं, सुकदेवचे दोनशे आजच मनीऑर्डर कर. आणि समितीला लिही, प्रकरण सामोपचाराने मिटलं आहे, गैरसमज दूर झाला आहे.

मी तसं टाइप करायला बसले. 'गैरसमज' हा शब्द टाइप केला आणि थांबले. मी म्हटलं, नाना, गैरसमज दोघांचा असतो. त्यांचा काही समज चुकला नव्हता. त्यांनी पाकीट उघडा म्हणून दोनदा लिहिलं होतं.

नाना म्हणाले, दुकानाचं नाव जातं, विमल. यादी तीनशे लोकांकडे जाते.

मी म्हटलं, मग सही माझी घ्या. चूक माझी म्हणून लिहिते, दुकानाची नाही.

नानांनी खिडकीतून खाली पेढीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझं नाव आधी घाल. नाणी मी मिसळली. तू न बघता शिवलीस, ते नंतर." पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन वेळी ते फार चांगलं होत होतं. तिसऱ्या वेळी साधं लिहिलं: नाणी आमच्याकडे बदलली, सुकदेव भाऊंनी परत केलं ते आम्हीच पाठवलेलं होतं, त्यांचं वजन बरोबर होतं, त्यांनी सांगूनही आम्ही तपासलं नाही, आमचं आधीचं पत्र खोटं होतं. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

मनीऑर्डर मी केली नाही. म्हटलं, हातात नेऊन देते. नानांनी दोनशे रुपये दिले आणि तो रुपयाही दिला. म्हणाले, पैसे नको घेऊ, असाच दे.

जळगावहून धुळ्याची बस, तिथून दुसरी. यार्डात पोचले तेव्हा अकरा वाजले होते, भुईमुगाच्या शेंगांची आवक होती. काट्यावर दुसराच माणूस बसला होता. सुकदेव भाऊंचं विचारलं तर एकाने घर दाखवलं, यार्डाच्या भिंतीला लागून. दारात त्यांच्या पत्नी शेंगा निवडत होत्या. मी नाणेवाल्यांच्या दुकानातून आले म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. उठल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

"त्या काटावर नही शेतस आते," त्या म्हणाल्या. "हमाली करी राहिनात."

मग त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. माझं पत्र आल्यावर समितीने परवाना चौकशीपर्यंत थांबवला. पत्र नोटीस बोर्डावर लागलं. चौकशी काही झाली नाही, कारण चौकशी करायला जळगावहून कोण येणार होतं. पत्र बोर्डावर राहिलं, परवाना थांबलेला राहिला. ज्या यार्डात वीस वर्षं काट्यावर बसले तिथेच सुकदेव भाऊ पोती उचलायला लागले. वय पन्नासला टेकलेलं. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. पाठीमागे म्हणत, सहा गुंजांसाठी असं केलं तर क्विंटलला काय करत असेल.

दुपारी ते जेवायला आले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त अक्षर ओळखत होते. उंच माणूस, खांद्यावर पोत्याच्या सुतळीचे व्रण. मी उभी राहिले आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याने वाचलं, सावकाश, दोन्ही सह्यांपर्यंत. मग कोनाड्यातून सोनाराचा छोटा काटा काढला. "रुपया आणलाय का?" म्हणाले. मी दिला. त्यांनी पारडं झटकलं, गुंजा मांडल्या, तोललं. काट्याकडे इतक्या शांतपणे बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"वजन बरोबर शे," ते म्हणाले आणि रुपया माझ्यासमोर ठेवला. "पन आते माले नको."

मी म्हटलं, भाऊ, नानांनी असाच द्यायला सांगितलाय, पैशाचं काही नाही.

त्यांनी कोनाड्यातून तंबाखूचा एक मोठा डबा काढून उघडला. रिकामा होता. आतल्या कागदावर नाण्यांचे गोल डाग तेवढे होते. पावसाळ्यात हमालीही नव्हती तेव्हा त्यांनी सगळी नाणी सराफाला दिली होती. चांदीची चांदीच्या भावाने, तांब्याची तांब्याच्या. आटवायला. त्यातली निम्मी तरी मी पाठवलेली होती, मी शिवलेल्या पाकिटांतून.

"बठ्ठं मोडी टाकं," ते म्हणाले. "एकला रुपया कोठे ठेऊ?"

दोनशे रुपये त्यांनी घेतले आणि पावती लिहून दिली. मी समितीच्या सचिवांकडे गेले. सचिवांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, बरं झालं, येत्या बैठकीत ठेवतो. मी म्हटलं, आधीचं पत्र बैठकीत ठेवलं नव्हतं, बोर्डावर लावलं होतं. ते म्हणाले, लावू की. मी म्हटलं, आत्ता लावा, मी थांबते. त्यांनी शिपायाला बोलावलं. जुनं पत्र अजून तिथेच होतं, कोपरे पिवळे पडलेले, टाइपच्या शाईची निळी छटा माझ्याच मशीनची. शिपायाने ते काढलं आणि नवं लावलं. मला वाटलं काम झालं.

सुकदेव भाऊ मागे उभे होते. ते म्हणाले, बोर्ड बठ्ठा लोके वाचतस नहीत. जे वाचत नाहीत त्यांनी ते ऐकलेलं आहे, तर हेही त्यांना ऐकवायला हवं. दुपारचा लिलाव सुरू व्हायच्या आधी तुम्ही वाचून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. विचारलं हेच जास्त. हुकूम केला असता तरी मला नाही म्हणता आलं नसतं.

मी आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलले नव्हते. माझं सगळं बोलणं टाइपरायटरवर. दोन वाजता सचिवांनी लोकांना थांबवलं. शेतकरी, व्यापारी, हमाल, बाया मिळून शे-दीडशे माणसं असतील. मी काट्याशेजारच्या ओट्यावर उभी राहिले आणि पत्र वाचलं. 'आमचे आधीचे पत्र खोटे होते' हे मी मान खाली घालून वाचलं. मागून कोणीतरी म्हणालं, पुन्हा वाचा, ऐकू आलं नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. नाना दुकानात होते, माझ्या शेजारी कोणी नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

 पुढे एक म्हातारे आबा पागोटं सावरत बसले होते. ते म्हणाले, "बाई, हाई बठ्ठं ठीक शे. पन याना वरीस कोन भरी देई?"

 सुकदेव भाऊच म्हणाले, आबा, जाऊ द्या, लिलाव होऊ द्या. आणि ते पोत्यांकडे गेले. परवाना मिळेपर्यंत हमालीच होती.

परतीच्या बसमध्ये तो रुपया माझ्या पर्समध्ये होता. नानांनी तो पुन्हा यादीत लावला नाही. मी काम सोडलं तेव्हा तो त्यांच्या कपाटातच होता.

त्या दिवसानंतर मी तिसरं पत्र लिहिलं नाही. नानांनीही मागितलं नाही. लोकांना हे हळूहळू कळलं असावं, कारण पुढच्या काही वर्षांत आमचे पैसे जास्त बुडाले. दीपनगरच्या एका साहेबांनी सहा नाणी ठेवून घेतली आणि पत्रांना उत्तर देणंच बंद केलं. त्यांचं ऑफिस कुठे आहे हे मला माहीत होतं, वरच्या साहेबांचं नावही माहीत होतं. मी दुसऱ्या पत्राशी थांबले. नाना म्हणाले, विमल, आपण मवाळ झालो. मी म्हटलं, हो.  नव्वदनंतर यादी वर्षातून दोनदा निघायला लागली, मग एकदा. मी निघाले तेव्हा दुकानात माझ्याजोगं काम उरलं नव्हतं.

परवाना सुकदेव भाऊंना दोन महिन्यांनी परत मिळाला. हे मला त्यांच्याच कार्डावरून कळलं. तेच बारीक, सुबक अक्षर. कार्डावर एवढंच होतं:

'सोमवारपासून काट्यावर बसलो. पहिल्या शेतकऱ्याचे पोते तोलले. त्याने पुन्हा तोलायला सांगितले. पुन्हा तोलले. तेवढेच भरले. कळावे.'

उत्तर लिहायला मी मशीनवर कागद चढवला. सप्रेम नमस्कार लिहिलं. पुढे काय लिहायचं ते संध्याकाळपर्यंत सुचलं नाही. पत्रं लिहिण्याचाच पगार घेत होते, तरी सुचलं नाही. शेवटी कागद काढून टाकला, पोस्टकार्ड घेतलं आणि हाताने लिहिलं, 'आपले कार्ड पोचले.' खाली सही केली आणि घरी जाताना पेटीत टाकलं.